जिभेला लटकलेली नळी

मेस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये पाने होते, पकडी होत्या, टायरची हवा मोजायचं घड्याळ होतं; पण गाडीच्या व्हॅक्युमच्या नळ्या तपासायला कुठलंही यंत्र नव्हतं. ते काम तो जिभेनं करायचा. नळीच्या एका टोकाला बूच लावायचं, दुसरं टोक तोंडात घालायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि चटकन जीभ नळीच्या तोंडावर टेकवायची. नळी धड असेल तर जिभेला चिकटून लोंबत राहते. तिला कुठे केसाएवढी चीर असली तरी हवा आत शिरते आणि नळी पायाशी पडते. हात कमरेवर, जीभ बाहेर आणि जिभेच्या टोकाला काळी रबरी नळी, अशा थाटात उभा असलेला मेस्त्री पहिल्यांदा बघणारं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकायचं. जुनी गिऱ्हाइकं मात्र नळी पडते की राहते एवढंच बघायची, आणि राहिली की निश्चिंत होऊन बाकावर बसायची.

सुट्या भागांच्या दुकानदारानं, म्हणजे त्याच्या जुन्या दोस्तानं, एकदा त्याला व्हॅक्युम मोजायचं घड्याळ भेट दिलं होतं. ते मेस्त्रीनं एकदाच वापरलं, आणि त्याची सुई अडकली. "यंत्राची सुई अडकते, आपली जीभ अडकत नाही," असं तो त्यानंतर येईल त्याला सांगायचा. बायको त्यावर म्हणायची, "ते मात्र खरं हो," आणि घड्याळ खणात होतं तसंच पडून राहिलं.

बायको शिवणकाम करायची. तिची मशीन वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे होती आणि भिंतीत एक लहानशी खिडकी होती. त्या खिडकीतून दिवसभर दोन गोष्टींची ये-जा चालायची. तिच्याकडून याच्याकडे चहा जायचा, तो हा खिडकीशीच तिच्यासमोर बसून प्यायचा, आणि याच्याकडून तिच्याकडे शिट्टी. मेस्त्री काम करताना शिट्टी वाजवायचा. नट ढिले करताना लांबलचक, ओढलेली. नट आवळताना भराभर, आणि एखादा नट गंजून बसला असेल तर शिट्टी मधेच तुटायची. भिंतीपलीकडे बसून, मान वर न करता, बायकोला काम कुठवर आलंय ते कळायचं. शिट्टी तुटली आणि बराच वेळ जुळली नाही की ती मशीनवरून उठून चहा टाकायची. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात असं म्हणतात. या दोघांचं तसं नव्हतं, कारण बायको बोलायची आणि मेस्त्री शिट्टी वाजवायचा, त्यामुळे दोघांचंही व्यवस्थित चाललं होतं.

मग गेल्या थंडीत एका सकाळी मेस्त्री उठला तो तोंड वाकडं घेऊनच. डाव्या गालाची हालचाल बंद, डावा डोळा मिटेना, बोलायला गेला तर शब्द एका बाजूनं सांडायला लागले. बायकोच्या पायाखालची जमीनच सरकली. डॉक्टरांनी मात्र धीर दिला. चेहऱ्याची नस सुजली आहे, म्हणाले, मेंदूला काही झालेलं नाही, हळूहळू येईल जाग्यावर. आणि खरंच आलं. डोळा मिटायला लागला, गाल हलायला लागला, बोलणं पुन्हा साफ झालं. लोक म्हणायला लागले, "सांगितल्याशिवाय कळत नाही बघा." मेस्त्री मान हलवायचा आणि विषय बदलायचा.

कारण एक गोष्ट जाग्यावर आली नव्हती, आणि ती त्यानं कुणालाही सांगितली नव्हती. ओठाचा डावा कोपरा अजून सैल होता. बघणाऱ्याला दिसत नसे, पण चहा प्यायला की त्या कोपऱ्यातून थेंब ओघळायचा आणि हनुवटीपर्यंत जायचा. त्याला त्याचा मनस्वी संताप यायचा. एवढा पोक्त माणूस, पांढऱ्या केसांचा, आणि तान्ह्या मुलासारखी लाळ गाळतो! त्यानं त्यावर आपल्या परीनं उपाय काढले. जेवताना तो टेबलाच्या अशा बाजूला बसू लागला की डावा गाल भिंतीकडे राहील. खिशात एक वेगळा रुमाल ठेवू लागला. आणि चहाची वेळ झाली की आतून सांगायचा, "खिडकीत ठेव गं, मी घेतो," आणि कप घेऊन, दाराकडे पाठ करून, गाडीच्या आडोशाला पिऊन टाकायचा.

शिट्टी तर गेलीच होती. पहिल्या पहिल्यांदा त्यानं एकटा असताना वाजवून पाहिली. ओठांचा चंबू होईना, नुसती फुस्स हवा. मग त्यानं तो नाद सोडला.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की नवरा बरा झाला आणि गप्प झाला. शिट्टी नाही, समोर बसून चहा नाही, जेवताना मान भिंतीकडे. आजारपणात आपण फार कटकट केली म्हणून यांनी मनात धरलं असावं, असा तिनं निष्कर्ष काढला. विचारायचं तर ओठावर यायचं आणि परत जायचं. ज्या बाईला एरवी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या गळ्यावरून अर्धा तास वाद घालता येतो, तिला स्वतःच्या नवऱ्याला एक साधा प्रश्न विचारता येईना. ती मुकाट्यानं कप खिडकीत ठेवायची आणि मशीनवर जाऊन बसायची.

अशात दुकानदार दोस्तानं एक गोष्ट काढली. त्याला माल ओळखणारा माणूस हवा होता. "काउंटरमागे बस," तो म्हणाला, "खुर्ची आहे, पंखा आहे. लोक तुटलेला भाग आणतील, तू बघून सांग कुठल्या गाडीचा. आता किती दिवस गाड्यांखाली झोपणार आहेस?" मेस्त्रीनं एरवी ते हसण्यावारी नेलं असतं. पण या वेळी त्यानं लगेच नाही म्हटलं नाही. "ताईचा ट्रक येणार आहे," तो म्हणाला. "तेवढं काम होऊ दे, मग सांगतो." दुकानदाराला वाटलं, सवड मागतोय. मेस्त्रीनं मात्र मनाशी वेगळंच ठरवलं होतं. एवढ्या वर्षांत ताईच्या ट्रकनं त्याला कधी खाली मान घालायला लावली नव्हती. तो ट्रक जर आपल्याला मार्गी लावता आला नाही, तर आपलं संपलं, शटर ओढायचं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिची रोपवाटिका होती, आणि भावोजींचे गुडघे गेल्यापासून ट्रकही तीच चालवायची. ट्रक छोटा, पेट्रोलवर चालणारा, आणि वयानं पोक्त. हवेत पेट्रोल मिसळणारा त्याचा कार्बोरेटर आतून इतका झिजला होता की आता त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताईनं नवा मागवला आणि लेकराला बसवावं तसं खोकं शेजारच्या सीटवर ठेवून ट्रक घेऊन आली.

"धाकट्या," ती उतरता उतरता म्हणाली, "उद्या सकाळी दवाखान्याच्या बागेची रोपं पोचवायची आहेत. होईल ना?"

"कार्बोरेटर बदलायचाय ताई, इंजिन नाही."

"मी आपलं विचारलं. तोंड कसं आहे तुझं?"

"झालं बरं," मेस्त्री म्हणाला आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं.

जुना कार्बोरेटर काढण्याआधी त्यानं नेहमीचं काम केलं, म्हणजे बायकोच्या डब्यातले धागे घेऊन प्रत्येक नळीला एकेक बांधला. ब्रेकच्या नळीला लाल, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या नळीला निळा, इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणाऱ्या नळीला पांढरा. चालू इंजिन सारखी हवा ओढत असतं. त्या ओढीवरच ब्रेक पायाला हलका लागतो, ठिणगी वेळेवर पुढे सरकते. नळी चुकली की सगळं बिघडतं, म्हणून धागे. इतकी वर्षं तो हे करत आला होता आणि इतकी वर्षं बायको निळा धागा संपला म्हणून ओरडत आली होती.

नवा कार्बोरेटर छान होता, चकचकीत. पण त्याला नळ्या जोडायची तोंडं जुन्यापेक्षा जास्त होती. अनेक जातींच्या गाड्यांना चालावा म्हणून कारखान्यानं ती ठेवलेली असतात, आणि जी लागत नाहीत त्यांच्यावर रबराच्या टोप्या घातलेल्या असतात. मेस्त्रीनं खालच्या सांध्यात बसणारं गॅस्केट बदललं, कार्बोरेटर बसवला, चारी नट एकाआड एक आवळले. मागचा नट अवघड होता. तिथे पाना नीट शिरवायला जागा नव्हती, तो चाचपतच फिरवावा लागला. मग नळ्या. निळा धागा कुठे, लाल कुठे, पांढरा कुठे, हे त्याचे हात विचार न करता करत होते.

शेवटी चोक. ट्रकच्या चोकची दांडी ड्रायव्हरच्या समोर, आणि तिचं मूळ बोंडूक कधीच हरवलेलं. त्याच्या जागी ताईनं ओव्हरकोटाचं भलंमोठं तपकिरी बटण बसवलं होतं, तेही मेस्त्रीच्या बायकोच्या डब्यातलं. दांडीपासून निघालेली केबल कार्बोरेटरच्या झडपेला जोडायची. दांडी ओढली की झडप मिटावी, म्हणजे थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. आत ढकलली की झडप सताड उघडावी.

"ताई, बस आत. ओढ."

"ओढला."

"पूर्ण ओढ. हं. आता ढकल."

"ढकलला. अरे, हे बटण फिरतंय."

"फिरू दे, निघत नाहीये ना? पुन्हा ओढ."

झडप मिटली, उघडली, परत मिटली. मेस्त्रीनं केबल स्क्रूखाली धरली, थोडीशी ढील ठेवली, म्हणजे दांडी आत ढकलल्यावर झडप अर्धवट अडकून राहायची नाही, आणि स्क्रू आवळला. काम सुरेख झालं होतं. त्याला बरं वाटलं. "मार स्टार्टर," तो म्हणाला.

इंजिन लागलं. गरम होईपर्यंत बरं चाललं. ताईनं चोक आत ढकलला आणि मग सुरू झालं. आवाज चढला, पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. पायाखालचा पेडल कुणी उगीच दाबतंय आणि सोडतंय असं वाटावं. मेस्त्रीनं इंजिनाची मंद चाल ठरवणारा स्क्रू फिरवून पाहिला, फरक नाही. कुठून तरी चोरून हवा शिरत होती.

"बंद कर," तो म्हणाला. "नळ्या बघतो."

पांढऱ्या धाग्याची नळी काढली, बूच लावलं, तोंडात घातली, ओढलं, जीभ टेकवली. नळी पायाशी पडली.

पुन्हा ओढलं. पुन्हा पडली.

"ही गेली," तो म्हणाला. मग निळ्या धाग्याची. तीही पडली. लाल धाग्याची जाड नळी जिभेवर क्षणभरसुद्धा थांबली नाही. मेस्त्रीच्या कपाळाला आठी पडली. पण जुना ट्रक, जुनं रबर, एकदम तिन्ही जाऊ शकतात असं त्यानं स्वतःला समजावलं आणि दुकानदाराकडे गेला. नव्या नळ्या कापून आणल्या, त्यांना धागे बांधले, घातल्या. इंजिनाचा आवाज पूर्वीसारखाच वर-खाली. नव्या नळ्या काढल्या, जिभेला लावल्या. पडल्या.

तो पुन्हा दुकानात गेला. "अरे, हा माल गळका आहे."

"मेस्त्री, गुंडाळी सकाळी फोडलीय!"

"मग कारखान्यातच सडकी निघाली असेल. दुसरी दे."

दुसरीही पडली. दुसरा कुणी असता तर त्यानं एकेक नळी पक्कडीनं दाबून पाहिली असती, इंजिनाच्या आवाजात फरक पडतो का ते ऐकलं असतं. पण आयुष्यभर ज्याची जीभ चुकली नाही तो दुसऱ्या कुणाला विचारायला कशाला जाईल? मेस्त्रीनं डिस्ट्रिब्युटरला जोडलेली नळी ओढून पाहिली, तर तिथेही हवा थांबेना. आतला रबरी पडदा फाटला म्हणायचा. अडगळीतून दुसरा डिस्ट्रिब्युटर काढला, त्याचाही पडदा फाटलेला. त्या दुपारी मेस्त्रीच्या जगातली एकूण एक रबरी वस्तू गळत होती.

ताई बाकावर बसून बघत होती. तिनं लहानपणापासून या भावाला सायकलीच्या चेनी उलगडताना पाहिलं होतं, पण असं हातघाईला आलेलं कधी पाहिलं नव्हतं. "राहू दे रे आज," ती हळूच म्हणाली. "रोपं मी शेजाऱ्याच्या टेम्पोनं पाठवीन. मुलगा तर कधीचा म्हणतोय, विकून टाक हा डबा."

"ताई, तू घरी जा."

"रागावलास?"

"नाही गं. तू घरी जा. मी बघतो."

ती गेल्यावर मेस्त्री बाकावर बसला. भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटते हे त्यानं स्वतःशी कबूल केलं. पंख्याखालची ती खुर्ची त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागली. काउंटरमागे बसलेला आपण, समोर लोक, आणि हातात दुसऱ्या कुणी तरी दुरुस्त करायच्या गाडीचा तुटका तुकडा. तो उठला, नळी उचलली, पुन्हा तोंडात घातली. पडली. पुन्हा घातली. पडली.

बायको खिडकीशी चहाचा कप घेऊन उभी होती. ताई जाताना तिला सांगून गेली होती, "बघ गं जरा त्याच्याकडे, आज काही तरी बिनसलंय." कप खिडकीत ठेवून मागे फिरायची रोजची सवय, पण आज ती थांबली. नवऱ्याची उजवी बाजू तिच्याकडे होती, मग तो वळला आणि डावी बाजू समोर आली. तो नळी ओढत होता. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक बुडबुडा आला, फुटला, आणि नळी पडली.

कप हातातच घेऊन ती घरातून फिरून वर्कशॉपच्या दारानं आत आली.

"तिथेच ठेव की," मेस्त्री म्हणाला आणि सवयीनं पाठ वळवली.

"ती नळी द्या इकडे."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

तिनं कप बाकावर ठेवला, नळी घेतली, अंगावरच्या कपड्याला खसाखसा पुसली, नाक मुरडलं, पुन्हा एकदा पुसली आणि तोंडात घातली. ओढली. जीभ बाहेर काढली.

नळी लटकली.

लटकलीच. बायको हात सोडून उभी, जीभ बाहेर, जिभेला निळ्या धाग्याची नळी, आणि नळी हलायचं नाव घेईना. तिला काही तरी सांगायचं होतं, पण जिभेवर नळी असताना सांगणार कसं? तिनं आधी नळीकडे बोट दाखवलं, मग मेस्त्रीच्या तोंडाकडे. मेस्त्रीच्या आधी लक्षात येईना. आपलं तोंड गळतंय हे त्याला गेले कित्येक दिवस ठाऊक होतं. नळ्या गळताहेत हे सकाळपासून दिसत होतं. या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण एक गोष्ट चहाची होती आणि दुसरी धंद्याची, आणि त्यानं त्या दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवल्या होत्या.

आता तो मटकन बाकावर बसला.

बायकोनं जीभ सोडवली. बाकीच्या नळ्या उचलल्या, सकाळी काढून फेकलेल्या जुन्यासुद्धा. एकेक पुसली, एकेक ओढली. सगळ्या लटकल्या. डिस्ट्रिब्युटरचा पडदाही धड निघाला.

"शी, कसली घाण चव आहे," ती म्हणाली. मग शेजारी बसली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, तोंड."

"पहिल्यापासून. तेवढा कोपरा आलाच नाही."

"म्हणून शिट्टी नाही?"

"जमत नाही गं. नुसती हवा जाते."

"आणि चहा?"

मेस्त्री जमिनीकडे बघत होता. "गळतो," तो म्हणाला. "हनुवटीवर. तुझ्यासमोर नको वाटायचं."

त्यानं वर पाहिलं, तर ती रडत होती, आणि तिला रागही आलेला होता, दोन्ही एकदमच.

"मला वाटलं तुम्ही माझ्यावर रुसलात," ती म्हणाली. "रोज कप ठेवायचा खिडकीत आणि रोज मनात यायचं, आता यांना माझं तोंडही बघायला नको झालंय. आणि तुम्ही इकडे स्वतःचं तोंड लपवत बसलात! एवढ्याशा थेंबासाठी?"

"एवढासा नसतो," मेस्त्री म्हणाला.

"बघू."

तिनं बाकावरचा कप त्याच्या हातात दिला. मेस्त्रीनं कप धरला. आयुष्यात त्यानं इंजिनं उघडली होती, गियरबॉक्स उतरवले होते, पण हा कप त्याला जड गेला. शेवटी तो तिच्याकडे तोंड करून प्यायला. थेंब आला, ओघळला, हनुवटीवरून शर्टावर पडला. बायकोनं तो नीट पाहिला, ती ब्लाउजची शिवण पाहते तसा.

"एवढासाच आहे," ती म्हणाली आणि शेजारी पडलेलं फडकं त्याच्या हातात दिलं. ते ग्रीसचं होतं. मेस्त्रीनं हनुवटी पुसली आणि अर्धा गाल काळा झाला. मग मात्र तिला हसू आवरेना, आणि तिचं हसू बघून त्यालाही आलं, वाकडं का होईना.

चहा संपेपर्यंत मेस्त्रीचं डोकं ताळ्यावर आलं होतं. नळ्या धड, पडदा धड. म्हणजे हवा दुसरीकडून शिरतेय. त्यानं सगळ्या नळ्या पुन्हा जोडल्या आणि इंजिन चालू केलं. आवाज तसाच वर-खाली.

"तुझी ती इस्त्रीची पाण्याची बाटली आण," तो म्हणाला. "फवाऱ्याची."

ती घेऊन आली. तो सांगेल तिथे ती पाणी मारू लागली आणि तो डोळे मिटून ऐकू लागला. गॅस्केटवर मारलं, फरक नाही. नळ्यांच्या जोडांवर, फरक नाही. "मागे," तो म्हणाला, "खाली, अगदी मागे." तिनं हात वाकडा करून मारलं, आणि त्या क्षणी इंजिनाचा आवाज सरळ झाला. पाणी सुकताच पुन्हा बिघडला. मेस्त्रीनं बोट घातलं. मागच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, एक न लागणारं तोंड होतं. त्याच्यावरची रबरी टोपी फाटली होती. अवघड नट आवळताना पान्याची कड तिच्यावर बसली होती.

"मीच फाडली," मेस्त्री म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला कमालीचा आनंद झाला. कारण ही चूक कुठल्याही मेस्त्रीची होऊ शकते. त्याच्या तोंडाला काही झालं नसतं तरी ही झालीच असती.

त्यानं नवी टोपी काढली, बसवण्याआधी बायकोपुढे धरली. तिनं डोळे वटारले, पण घेतली, ओढली. टोपी जिभेला चिकटली. बसवली. इंजिन एका सुरात चालायला लागलं, इतकं की ओव्हरकोटाचं बटणसुद्धा थरथरायचं थांबलं.

दुसऱ्या सकाळी ताई आली ती चेहरा पाडूनच. मेस्त्रीनं किल्ली दिली. तिनं बटण ओढलं, स्टार्टर मारला, पहिल्या फटक्याला इंजिन लागलं. ती थांबली, इंजिन गरम होऊ दिलं, बटण आत ढकललं, कान दिला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय होतं रे?"

"मागची टोपी फाटली होती," मेस्त्री म्हणाला. मग आपणहून म्हणाला, "आणि ताई, माझं तोंड अजून थोडं गळतं."

"ते मला दिसत होतं," ताई म्हणाली. "तू बरं झालं म्हणालास, म्हणून मी गप्प बसले." आणि गियर टाकून निघून गेली.

दुकानदाराला मेस्त्रीनं जाऊन सांगितलं, "खुर्ची तशीच असू दे. चहाला येत जाईन." दुकानदारानं एक नवं व्हॅक्युमचं घड्याळ पुढे सरकवलं, म्हणाला हे तरी ने. मेस्त्रीनं नेलं, जुन्याशेजारी खणात ठेवलं. त्याची गरज पडली नाही. हल्ली नळी तपासायची असली की तो खिडकीवर टकटक करतो, आणि बायको मशीन थांबवून हात पुढे करते. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं असतं. भिंतीच्या खिडकीत मेस्त्रीची बायको, जीभ बाहेर, जिभेला नळी. आणि मेस्त्री गिऱ्हाइकाला सांगत असतो की घरात एवढी शांतता फक्त याच वेळी असते. ते ऐकून ती डोळे मोठे करते, पण नळी पडू देत नाही.

चहा तो बाकावर बसून पितो, दाराकडे तोंड करून. आणि परवा, एका जीपचे नट ढिले करता करता, कित्येक दिवसांनी त्याचे ओठ आपोआप पुढे आले. शिट्टी आली नाही, लांबलचक फुस्स अशी हवाच गेली. भिंतीपलीकडची मशीन थांबली.

"अहो," आतून आवाज आला, "कुठे तरी गळतंय!"

"गळू दे," मेस्त्री म्हणाला, आणि पुढचा नट येईपर्यंत फुंकत राहिला.